हॉकी कार्ड ‘हाय-एंड’ केव्हा ठरतं?

कॅलगरीहून एका गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. तेरा वर्षांच्या मुलाला हॉकी कार्डं जमवायचा नाद लागलाय. त्यातली तीन कार्डं घरात चर्चेचा विषय झाली आहेत. पहिलं कॉनर बेडार्डचं ‘यंग गन्स’, कार्डांची अवस्था तपासून गुण देणाऱ्या पीएसए या कंपनीकडून दहापैकी दहा ग्रेड मिळालेलं, वाढदिवसाला विकत घेतलेलं. दुसरं एका फारशा माहीत नसलेल्या खेळाडूचं ‘प्रिंटिंग प्लेट’, ज्यावर १/१ असं लिहिलंय. तिसरं हॉकीतला दंतकथा बनलेला खेळाडू वेन ग्रेट्स्की याचं जुनं कार्ड. शेजारच्या आजोबांनी घर आवरताना ते मुलाच्या हातावर ठेवलं. त्याचे कोपरे मऊ पडलेत. दुकानदार म्हणाला, “यातलं एकच हाय-एंडच्या जवळ जातं,” आणि कुठलं ते न सांगता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तर प्रश्न दोन: किती डॉलरच्या वर गेलं की कार्ड हाय-एंड म्हणायचं? आणि ते एक कुठलं?

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की ही बर्फावरची हॉकी. कार्ड म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचाचा जाड कागद, पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याची आकडेवारी. कॅनडातली पोरं ती पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आली आहेत, पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटातून. मी टोरांटोच्या पश्चिमेला राहते. लोकांचे संग्रह पाहायचे, त्यांचे ढीग लावायचे आणि कुठलं कार्ड कुठे विकावं ते सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे हा डॉलरचा प्रश्न मला नवा नाही.

डॉलरची रेघ मारता येते, पण ती टिकत नाही. कोविडच्या काळात लोक घरी बसले आणि कार्डांचे भाव भराभर चढले. २०२१ मध्ये ते शिगेला पोचले आणि मग उतरले. तेव्हा हजार डॉलरच्या वर गेलेली कितीतरी कार्डं पुढच्या दोन वर्षांत खाली आली. कार्ड तेच, छपाई तीच, नंबरही तोच. मग ते मधल्या दीड वर्षापुरतं हाय-एंड होतं, असं म्हणायचं का? शिवाय रेघ कोण मारतंय यावरही ती हलते. गल्लीतल्या दुकानदाराला पाचशे डॉलरचं कार्ड म्हणजे काचेच्या कपाटात कुलपाखाली ठेवायची वस्तू. लिलाव कंपनी तेच कार्ड कुठल्यातरी एकगठ्ठा लॉटमध्ये ढकलून देईल. आणि हॉकीचा बाजार बेसबॉल-बास्केटबॉलच्या मानाने लहान. बास्केटबॉलमधलं तितकंच दुर्मीळ कार्ड अनेक पटींनी महाग असतं, म्हणून हॉकीचं कमी प्रतीचं ठरत नाही.

म्हणून मी किंमत शेवटी पाहते. आधी दोन गोष्टी विचारते. एक, हे कार्ड, याच अवस्थेतलं, आज विकत घ्यायचं ठरवलं तर मिळायला किती वेळ लागेल? दोन, ते विकायला काढलं तर मनापासून हवं असणारी किती माणसं पुढे येतील? पहिल्याचं उत्तर ‘महिने लागतील, कदाचित वर्षंही’ असं असेल आणि दुसऱ्याचं ‘एकापेक्षा बरीच जास्त’ असं असेल, तर ते कार्ड हाय-एंड, मग भाव काहीही असो. घोडं पेंड खातं ते इथेच. बहुतेक कार्डं एका प्रश्नात पास होतात आणि दुसऱ्यात नापास.

तुमची पहिली दोन कार्डं याचीच उदाहरणं आहेत, आणि दोन्ही उलट्या बाजूंनी.

एनएचएल या मुख्य हॉकी लीगमधले संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात. बेडार्ड २०२३ च्या त्या निवडीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, शिकागोचा. त्याचं २०२३-२४ चं यंग गन्स, नंबर ४५१, हवं असणारे लोक भरपूर आहेत, त्यात शंकाच नाही. पण ते मिळायला किती वेळ लागतो? फोन उघडून दहा मिनिटं. यंग गन्स म्हणजे अपर डेक कंपनीच्या मुख्य संचातली नवोदितांची कार्डं. साधारण चार पाकिटांत एक निघतं. आता लोक इतके सावध झालेत की पाकीट फोडताच कार्ड प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये जातं आणि तिथून थेट ग्रेडिंगला. त्यामुळे दहा ग्रेडच्या प्रतीच हजारोंनी आहेत. सिडनी क्रॉस्बी आणि कॉनर मॅकडेव्हिड या बड्या खेळाडूंच्या यंग गन्सचीही थोडीफार हीच गोष्ट. ही कार्डं नामांकित आहेत, पटकन विकली जातात, त्यांचा भाव रोजच्या रोज कळतो. मी त्यांना ‘चलनी’ म्हणते. याच यंग गन्सची ‘एक्सक्लुझिव्ह’ नावाची शंभरच प्रतींची आवृत्ती असते आणि ‘हाय ग्लॉस’ नावाची दहाच प्रतींची. बेडार्डचं हाय ग्लॉस तुमच्याकडे असतं तर हे उत्तर मी वेगळं लिहिलं असतं. चित्र तेच, खेळाडू तोच, फरक फक्त किती प्रती आहेत याचा.

आता ते १/१. नवख्या माणसाला वाटतं, जगात एकच आहे म्हणजे यापुढे काय बोलायचं. पण प्रिंटिंग प्लेट म्हणजे छपाईला वापरलेली धातूची पातळ पट्टी. रंगीत छपाईला चार पट्ट्या लागतात: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. म्हणजे त्या एका कार्डाच्या ‘एकमेव’ पट्ट्याच चार. शिवाय त्याच खेळाडूची त्याच वर्षी दुसऱ्या संचांतही एकेकच प्रतीची कार्डं निघालेली असतात. कंपनीने ठरवून दुर्मीळ केलेल्या वस्तूला मुळात गिऱ्हाईक असावं लागतं. तिसऱ्या फळीत दोन मोसम खेळून गेलेल्या खेळाडूची प्लेट हवी असणारा माणूस म्हणजे बहुधा त्याचा मामा, किंवा फक्त त्याचीच कार्डं जमवणारा एखादा वेडा संग्राहक. तो भेटला तर चांगले पैसे देईल, पण तो एकच असतो. समोर दुसरा बोली लावणारा नसेल तर लिलावाला अर्थ नाही.

याच्या उलट एक जुनी गोष्ट सांगते. १९२३-२४ मध्ये ओंटारियोतल्या ब्रॅंटफर्डच्या विल्यम पॅटर्सन या मिठाई कंपनीने चाळीस हॉकी कार्डांचा संच काढला. पूर्ण संच जमवून आणणाऱ्याला बक्षीस होतं. बक्षिसं फार वाटावी लागू नयेत म्हणून कंपनीने एक कार्ड फारच कमी छापलं: नंबर २५, बर्ट कोर्बो. कोर्बो बचावपटू, आज सामान्य प्रेक्षकाला नावही माहीत नसेल. तरी ते कार्ड हॉकीतल्या सर्वांत हव्या असलेल्या जुन्या कार्डांमध्ये गणलं जातं. कारण तो संच जमवणाऱ्या प्रत्येकाचं घोडं पंचवीस नंबरवरच अडतं. दुर्मीळपणा तेव्हाच पैशात उतरतो, जेव्हा बऱ्याच लोकांच्या यादीत त्याच एका जागी रिकामा चौकोन असतो. तुमच्या प्लेटमुळे कुणाच्याच यादीत भोक पडलेलं नाही.

खेळाडूबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना समजतं. एवढंच लक्षात ठेवा की चांगला खेळाडू आणि कार्डांच्या दुनियेतला मोठा खेळाडू यांत फरक असतो. पुढच्या फळीतले, गोल करणारे खेळाडू भाव खाऊन जातात. बचावपटू आणि गोलरक्षक तितकेच थोर असले तरी मागे राहतात, बॉबी ऑर आणि पॅट्रिक रॉयसारखे अपवाद सोडून. मॉन्ट्रियल आणि टोरांटोच्या खेळाडूंना घरच्या गिऱ्हाइकांचा आधार मिळतो. ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा त्याचं नाव पुसलं जाण्याची भीती संपली. मोठे पैसे घालणाऱ्याला हीच खात्री हवी असते. उलट नेल याकुपोव्ह २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला आणि २०१८ मध्ये एनएचएल सोडून रशियाला परतला. त्याची सुरुवातीची सहीवाली, मोजक्या प्रतींची कार्डं ज्यांनी भारी भावाने घेतली, त्यांच्याकडे अजूनही तीच सुंदर कार्डं आहेत. फक्त आता त्यांना गिऱ्हाईक नाही. खेळाडू चालू असेतो कुठलंही नवं कार्ड मी ‘पक्कं हाय-एंड’ म्हणत नाही, अगदी बेडार्डचंही.

आता तुमच्या तिसऱ्या कार्डाकडे येते. त्यासाठी थोडं सविस्तर लिहावं लागेल.

ग्रेट्स्कीचं पदार्पणाचं कार्ड १९७९-८० चं. त्या वर्षी ते दोन कंपन्यांनी काढलं, दोन्हीकडे नंबर १८ आणि चित्र तेच. एक अमेरिकेतल्या टॉप्सचं, दुसरं ओंटारियोतल्या लंडनच्या ओ-पी-चीचं. कार्ड उलटं करा. मागे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा असतील तर ते ओ-पी-ची, नुसती इंग्रजी असेल तर टॉप्स. किंमत ओ-पी-चीला जास्त. आता त्याची कड भिंगाखाली धरा. ओ-पी-ची कार्डं तारेने कापली जायची, त्यामुळे कड खरखरीत दिसते, कागदाचे बारीक तंतू बाहेर आलेले असतात. माझ्याकडे आणलेल्या कार्डाची पाठ दुभाषी पण कड सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत असेल, तर मी आधी फूटपट्टी काढते. कुणीतरी मऊ कोपरे नाहीसे करायला कड छाटली असण्याची शक्यता असते. छाटलेल्या कार्डाला ग्रेडिंग कंपन्या आकडी ग्रेड देत नाहीत, निदान द्यायला नको. ‘नको’ म्हणते, कारण याच बाबतीत ग्रेट्स्कीचं नाव दुसऱ्या एका गोष्टीतही येतं. १९९१ मध्ये त्याने आणि लॉस एंजेलिस किंग्जचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं प्रसिद्ध टी-२०६ कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पुढे पीएसएने त्याला आठ ग्रेड दिली. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने ते कार्ड आपण छाटल्याचं कोर्टात कबूल केलं.

कड झाली, आता बॉर्डर. या संचाची बॉर्डर निळी आहे. पांढऱ्या बॉर्डरवर कोपरा घासला तर फारसं दिसत नाही. निळ्यावर एक कण उडाला तरी खालचा पांढरा कागद चमकतो. कार्ड दिव्याखाली तिरपं धरा आणि चारही कोपरे एकामागून एक पाहा. नंतर डावी-उजवी बॉर्डर सारखी रुंद आहे का ते पाहा. यालाच सेंटरिंग म्हणतात. पीएसएच्या दहासाठी पुढची बॉर्डर जवळजवळ समान, साधारण पंचावन्न-पंचेचाळीसपर्यंत हवी. त्या काळच्या ओ-पी-चीत हे क्वचितच जमायचं. मुलाच्या हातात पडण्याआधी, कारखान्यातच ते कार्ड आठाचं किंवा सहाचं होऊन बाहेर पडलेलं असायचं.

या एका कार्डाच्या शिडीकडे पाहिलं की हाय-एंडचा सगळा हिशेब समजतो. ओ-पी-ची ग्रेट्स्की हजारोंनी शिल्लक आहेत, त्यामुळे ते ‘दुर्मीळ कार्ड’ मुळीच नाही. चार-पाच ग्रेडचं असेल तर किंमत चार आकडी. आठचं असेल तर त्याच्या कितीतरी पट. आणि पीएसए दहा? तशा जगात दोनच प्रती आहेत. त्यातली एक डिसेंबर २०२० मध्ये हेरिटेज या लिलाव कंपनीकडे १२ लाख ९० हजार अमेरिकन डॉलरला गेली, आणि दहा लाखांच्या वर विकलं गेलेलं ते पहिलं हॉकी कार्ड ठरलं. पुढच्याच मे महिन्यात खासगी व्यवहारात ३७ लाख ५० हजार. म्हणजे त्या कार्डात दुर्मीळ आहे ती अवस्था. खेळाडूचं मोठेपण तर प्रत्येक प्रतीत सारखंच छापलेलं आहे. जुन्या कार्डांत प्रती किती छापल्या हे विचारून फारसा उपयोग नाही. अशा अवस्थेत किती उरल्या, हे विचारावं लागतं.

यावर लोक विचारतात, कुठेतरी न फोडलेली पाकिटं असतील तर? आहेतच. सस्कॅचवानमधल्या रजायना शहरात एका कुटुंबाकडे १९७९-८० च्या ओ-पी-चीचं आख्खं बंद खोकं निघालं. आत सोळा बॉक्स, दहा हजारांवर कार्डं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लिलावात त्याला ३७ लाख २० हजार डॉलरची बोली लागली. आत पंचवीसेक ग्रेट्स्की असतील असा अंदाज. पण त्यातलं एकही दहाचं असेल याची खात्री कोण देणार? तार आणि सेंटरिंग आतही तेच. म्हणून माझा अंदाज असा, की ते खोकं बंद राहण्यातच त्याची किंमत आहे. फोडलं तर निम्मं स्वप्न त्याच दिवशी संपेल.

अवस्थेचा हा खेळ इतर जुन्या कार्डांतही दिसतो. १९६६-६७ च्या टॉप्सचं बॉबी ऑर, नंबर ३५, लाकडी टीव्हीच्या चौकटीचं. ती तपकिरी कड सहज उडते. बॉबी हलचं १९५८-५९ चं टॉप्स, नंबर ६६, हे सहासष्ट कार्डांच्या संचातलं शेवटचं. पोरं नंबर लावून गठ्ठा रबरबॅंडने बांधायची, आणि सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या कार्डाचे हाल व्हायचे. खालचं नेमकं हलचं. १९५१-५२ चं पार्कहर्स्ट तर आकारानेच छोटं, आणि त्यात गॉर्डी हाउ, मॉरिस रिशार आणि टेरी सॉचक तिघांचीही पदार्पणाची कार्डं. असं कार्ड तीन ग्रेडचं असलं तरी मी त्याला हाय-एंडच्या टेबलावर ठेवते, कारण चांगल्या अवस्थेतलं मिळत नाही म्हणून लोक तीनसाठीही रांग लावतात.

नव्या कार्डांचा हिशेब वेगळा. १९९० च्या सुमारास कंपन्यांनी इतकं छापलं की त्या काळची कार्डं आजही खोक्यांनी पडून आहेत. कुणाच्या तळघरातून ती आली की मी चहा घेते आणि समजूत काढते. त्यातून धडा घेऊन पुढे दुर्मीळपणा छापून विकण्याची पद्धत आली: नंबर घातलेली कार्डं, सह्या, जर्सीचे तुकडे. हॉकीत यातलं शिखर म्हणजे अपर डेकचा ‘द कप’, २००५-०६ पासूनचा. त्या मोसमात क्रॉस्बी आणि ओव्हेच्किन दोघेही नवखे होते, आणि त्या दोघांची सही आणि पॅच, म्हणजे जर्सीचा तुकडा, असलेली पदार्पणाची कार्डं प्रत्येकी ९९ प्रतींची. २०१५-१६ मध्ये मॅकडेव्हिडचंही तसंच. त्याच संचात बाकीच्या नवख्यांच्या प्रती दोनशे-अडीचशेच्या घरात असतात. म्हणजे कुणाकडे ‘वरच्या फळीचा’ म्हणून पाहायचं, हे कंपनीनेच नंबरातून सांगून टाकलेलं असतं. वीस वर्षं हे असंच चालू राहिल्यामुळे संग्राहकांच्या मनात क्रम पक्का बसलाय: खालून यंग गन्स, मध्ये एसपी ऑथेंटिकचं ९९९ प्रतींचं सहीवालं ‘फ्यूचर वॉच’, आणि सगळ्यात वर द कप. एखाद्या नव्या चकचकीत संचातलं दहा प्रतींचं कार्डही द कपच्या ९९ च्या कार्डापेक्षा कमी भावात जाऊ शकतं, कारण लोकांनी आधी कुठलं जमवायचं हे ठरवलेलं असतं. दुकानातला पोरगा ‘फक्त दहा आहेत’ म्हणाला की हे आठवा.

द कपचं कार्ड हातात आलं की मी चार गोष्टी पाहते. सही थेट कार्डावर आहे की स्टिकरवर? खेळाडूने स्टिकरच्या पानावर सह्या करून दिल्या आणि कंपनीने नंतर चिकटवल्या, असं असेल तर भाव कमी. पॅच एकरंगी आहे की दोन-तीन रंगांचा, शिवण दिसते का? मागचा मजकूर काय सांगतो: कपडा खऱ्या सामन्यात वापरलेला, की फोटोच्या कार्यक्रमात अंगात घालून काढलेला? नवख्यांच्या कार्डांत बहुतेकदा दुसरंच असतं, आणि ते मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. विकणारा मात्र सांगत नाही. चौथं, नंबर कुठला? क्रॉस्बीचं ८७/९९ किंवा मॅकडेव्हिडचं ९७/९९, म्हणजे जर्सीचा नंबर जुळला तर ती प्रत बाकीच्या अठ्ठ्याण्णवांपेक्षा वेगळी धरतात. मला स्वतःला यात फारसं काही वाटत नाही, पण बाजाराला वाटतं, आणि भाव बाजार ठरवतो. पॅचच्या बाबतीत सावध राहा. साधा पांढरा तुकडा काढून तिथे रंगीत तुकडा बसवणारे कारागीर आहेत. त्याच नंबराच्या प्रतीचा जुना फोटो इंटरनेटवर सापडतो का ते पाहते आणि मगच पैशाचं बोलते.

तुकड्यांवरून आठवलं. इन द गेम नावाच्या कंपनीने जॉर्ज व्हेझिनाचे, म्हणजे ज्याच्या नावाने आज सर्वोत्तम गोलरक्षकाची ट्रॉफी दिली जाते त्याचे, पॅड विकत घेऊन कापले आणि कार्डांत घातले. हॉकीप्रेमी संतापले होते. त्यातलं एक कार्ड आज हातात आलं तर मी ते नक्कीच हाय-एंड म्हणेन. कापणाऱ्याला मात्र मी अजूनही माफ केलेलं नाही.

स्लॅबबद्दल, म्हणजे त्या सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीबद्दल, थोडक्यात. ग्रेडिंग कार्डाला मोठं करत नाही, असलेलं मोठेपण अनोळखी माणसाला पटवून देतं. एक माणूस एडमंटनला आणि दुसरा फ्लोरिडाला असेल, तर दोघांना एकाच आकड्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून तो खर्च. पीएसए जुन्या कार्डांना जास्त चालतं. बेकेट ही दुसरी ग्रेडिंग कंपनी कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग यांचे वेगळे गुण देते, म्हणून जाड पॅचवाल्या कार्डांना काही लोक ती पसंत करतात. वीस डॉलरच्या कार्डाला ग्रेड करून आणणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मुलाला हे आत्ताच सांगा.

तर तुमच्या घरचा निकाल असा. बेडार्ड चलनी, छान, मुलाने ठेवावं. भाव त्याच्या पुढच्या दहा मोसमांवर. प्लेट एकमेव, पण एकटी. कुणी त्या खेळाडूचा भक्त भेटला तर द्या. ग्रेट्स्की खरं असेल, १९७९-८० चं असेल आणि ओ-पी-ची असेल, तर हाय-एंडच्या दारात उभं आहे. आत जाईल की बाहेरच राहील हे कोपऱ्यांवर. सहा-सातचं निघालं तर मी आत घेईन. तीन-चारचं निघालं तर ते सन्मानाचं, हवंहवंसं, सहज विकलं जाणारं कार्ड, पण तसंच दुसरं आठवड्याभरात मिळतं, म्हणून हाय-एंड नाही. फोटो न पाहता यापुढे जाता येणार नाही. दुकानदाराचा रोख याच कार्डाकडे असणार.

पण ग्रेडिंगला पाठवण्याआधी शेजारच्या आजोबांना सांगा, की तुम्ही दिलेल्या कार्डाची किंमत चार आकडी असू शकते. त्यांना माहीत असेल आणि तरी दिलं असेल तर प्रश्नच मिटला. माहीत नसेल तर तेरा वर्षांच्या मुलाच्या आणि त्यांच्या मध्ये ही गोष्ट नंतर कळणं बरं नाही. आणि सहज विचारा, त्याच वर्षाचं अजून काही आहे का. त्याच संचात १७५ नंबरला हार्टफर्डच्या जर्सीतला गॉर्डी हाउ आहे आणि १८५ ला विनिपेगचा बॉबी हल. दोघांचीही कारकिर्दीतली शेवटची कार्डं.

मग पाठवायचं ठरलं तर काही करू नका. पुसू नका, पुस्तकाखाली दाबू नका, डागावर खोडरबर लावू नका. दाबलेलं आणि घासलेलं ग्रेडिंगवाल्यांना भिंगाखाली दिसतं. आधी मऊ पेनी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचं पाकीट, मग लवचिक अर्ध-कडक होल्डर. घट्ट टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कव्हर, नको, कारण काढताना कोपरा तिथेच मरतो. चिकटपट्टी कार्डाच्या जवळपासही नको. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. पार्सल अमेरिकेला जाणार असेल तर वस्तू आपलीच आहे आणि परत येणार आहे हे दाखवणारे कागद ठेवा, नाहीतर परतताना कस्टम्सवाले नवी खरेदी समजून कर लावतात. फॉर्मवर किंमत लिहिताना फी वाचवायला कमी लिहू नका. ग्रेड चांगली आली आणि किंमत त्या फीच्या टप्प्याबाहेर गेली तर कंपनी फरक मागून घेते, आणि वाटेत पार्सल हरवलं तर भरपाईचा वाद त्याच लिहिलेल्या आकड्यावर होतो.